गिटारची पट्टी बटणावर: पिच शिफ्टर काय करतो, कुठे अडतो आणि घेताना काय तपासावे

ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. कार्यक्रम सुरू व्हायला वीस मिनिटे उरलेली असतात आणि गायिका म्हणते, "आज घसा बसलाय, हे गाणं अर्धा सूर खाली घेऊ या." कीबोर्डवाला ट्रान्सपोजचे बटण एकदा दाबतो, त्याचे काम झाले. स्केल चेंजर पेटी असेल तर पेटीवाला पट्ट्या एक घर सरकवतो. तबलेवाला हातोडी काढतो. गिटारवाल्यापुढे मात्र सहा तारा उतरवायच्या, की सगळ्या कॉर्ड डोक्यात बदलायच्या, असा प्रश्न उभा राहतो.

यावर उपाय म्हणून हल्ली बहुतेक डिजिटल इफेक्ट प्रोसेसरमध्ये एक सोय असते. कुणी तिला पिच शिफ्ट म्हणते, कुणी ट्रान्सपोज, ड्रॉप किंवा व्हर्च्युअल कॅपो. बटण दाबले की गिटारचा सूर खाली किंवा वर सरकतो. काही हजारांच्या मशीनपासून लाख-दीड लाखाच्या मशीनपर्यंत सगळीकडे हे नाव दिसते, त्यामुळे सगळीकडे काम सारखेच होत असेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. एका मशीनवर कॉर्ड गढूळ येते, दुसऱ्यावर स्वच्छ येते पण हाताच्या मागून येते, तिसऱ्यावर एकेक सूर छान लागतो आणि दोन तारा एकदम छेडल्या की आवाज थरथरतो.

हे का होते, कोणत्या कामाला कोणती पद्धत चालते आणि पैसे टाकण्याआधी दुकानात काय तपासायचे, याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवा. वेळेवर येणारा आवाज, स्वच्छ आवाज आणि एकाच वेळी अनेक सूर या तीन गोष्टी पिच शिफ्टर एकदम पूर्ण देऊ शकत नाही. कुठेतरी एका बाजूला खर्च पडतोच.

कीबोर्डला जमते ते गिटारला का नाही?

कीबोर्डवर पट्टी दाबली की आत फक्त एक आकडा जातो. मिडी पद्धतीत मधल्या सप्तकातली पांढरी १ म्हणजे ६०. ट्रान्सपोज उणे एक केले की मशीन ६० ऐवजी ५९ समजते आणि त्या सुराचा आवाज नव्याने तयार करते. स्केल चेंजर पेटीतही तेच तत्त्व आहे. पट्ट्यांचा सांगाडा सरकतो आणि बोटाखाली दुसरी सुरी येते. दोन्हीकडे आवाज निघण्याच्या आधीच बदल झालेला असतो.

गिटारची तार छेडली की आवाज निघून गेलेला असतो. पिकअपमधून केबलमध्ये येते ती तयार लाट. तिच्यात कोणता सूर आहे, किती तारा वाजल्या, पिक कसा लागला, यातले काहीही वेगळे लिहून आलेले नसते. प्रोसेसरला ही तयार लाट घेऊन, चालू वाजवण्यात, तिचा सूर बदलायचा असतो. सगळी अडचण इथून सुरू होते.

आधी सुरांचा हिशोब

पेटीवर पांढरी १ म्हणजे इंग्रजी पद्धतीतला सी, काळी १ म्हणजे सी शार्प, पांढरी २ म्हणजे डी, काळी २ म्हणजे डी शार्प, पांढरी ३ म्हणजे ई आणि पांढरी ४ म्हणजे एफ. शेजारच्या दोन सुरांतले अंतर म्हणजे अर्धा सूर, म्हणजेच सेमिटोन. असे १२ सेमिटोन झाले की सप्तक पूर्ण होते आणि कंपनसंख्या दुप्पट होते. म्हणून प्रत्येक सेमिटोनला कंपनसंख्येला साधारण १.०५९५ ने गुणायचे. एका सेमिटोनचे आणखी १०० भाग पाडले की त्याला सेंट म्हणतात.

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत जाड तार ई सुरात असते. ती सेकंदाला ८२.४१ वेळा कंप पावते. सर्वांत बारीक तारही ई, पण दोन सप्तके वर, ३२९.६३ कंपनांची. जाड तारेचे एक आवर्तन पूर्ण व्हायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, बारीक तारेला फक्त ३. हे दोन आकडे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येतील.

कॅसेटच्या दिवसांतली आठवण

वॉकमनचे सेल उतरले की गाणे कसे ऐकू यायचे, हे चाळिशीतल्या वाचकांना आठवत असेल. गायिकेचा आवाज जाडाभरडा व्हायचा आणि गाणेही रेंगाळायचे. टेप हळू फिरली की सूर उतरतो, पण वेळही लांबते. टेप दुप्पट वेगाने फिरवली तर सूर एक सप्तक वर जातो आणि चार मिनिटांचे गाणे दोन मिनिटांत संपते.

सूर आणि वेळ एकमेकांना बांधलेले आहेत, हा मूळ प्रश्न. ताल तसाच ठेवून फक्त सूर हलवायचा, हे पिच शिफ्टरचे काम.

डिजिटल पद्धतीने हे काम करणारे स्टुडिओत गाजलेले पहिले मशीन म्हणजे अमेरिकेच्या इव्हेंटाइड कंपनीचे एच९१० हार्मोनायझर. ते १९७५ च्या सुमारास बाजारात आले. डेव्हिड बोवीच्या १९७७ सालच्या 'लो' या अल्बममध्ये ड्रमचा जो घसरत जाणारा आवाज आहे, तो निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यांनी याच मशीनवर काढला होता. गिटारवाल्यांच्या पायाखाली ही गोष्ट खऱ्या अर्थाने आली ती डिजिटेकच्या व्हॅमी पेडलमुळे, १९८९ मध्ये. पाय दाबला की सूर सप्तकभर वर सरकतो. टॉम मोरेलोने रेज अगेन्स्ट द मशीन बँडमध्ये ते गाजवले. द व्हाइट स्ट्राइप्सच्या २००३ सालच्या 'सेव्हन नेशन आर्मी' या गाण्यात बेस गिटारसारखा जो भाग ऐकू येतो, तो जॅक व्हाइटने साध्या गिटारवर व्हॅमीने सप्तक उतरवून वाजवलेला आहे.

पहिली पद्धत: तुकडे जोडणे

मशीन येणारा आवाज आकड्यांच्या रूपात साठवत जाते. सेकंदाला ४८,००० नोंदी हा आजचा नेहमीचा वेग. लिहिण्याचा वेग ठरलेला असतो, पण वाचण्याचा बदलता येतो. अर्धा सूर खाली हवा असेल तर लिहिलेले ९४.४ टक्के वेगाने वाचायचे, म्हणजे सूर उतरला.

पण वाचणारा हळू आणि लिहिणारा जोरात, त्यामुळे वाचणारा दर सेकंदाला सुमारे ५६ मिलिसेकंद मागे पडत जातो. असेच चालू दिले तर गाण्याच्या शेवटी गिटार काही सेकंद मागे राहील. म्हणून ठरावीक अंतर पडले की वाचणाऱ्याला उडी मारून पुढे आणावे लागते. सूर वर न्यायचा असेल तर उलटे होते. वाचणारा लिहिणाऱ्याला गाठतो, मग त्याला मागे नेऊन तोच तुकडा पुन्हा वाचायला लावतात.

प्रत्येक उडीला जोड येतो. जोड ऐकू येऊ नये म्हणून जुना तुकडा हळूहळू कमी आणि नवा हळूहळू मोठा करतात. तरीही दोन तुकड्यांच्या लाटा जुळल्या नाहीत तर तिथे आवाज क्षणभर पोकळ होतो किंवा थरथरतो.

समजा उडीचे अंतर ३० मिलिसेकंद ठेवले. अर्धा सूर सरकवायचा असेल तर साधारण अर्ध्या सेकंदाला एक जोड पडतो. पूर्ण सप्तक खाली न्यायचे असेल तर दर ६० मिलिसेकंदांना, म्हणजे सेकंदाला १६-१७ जोड. सप्तक वर न्यायचे तर सेकंदाला ३३. थोडे सरकवले तर बरे वाटते आणि जास्त सरकवले की आवाज यांत्रिक होतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

दुसरी पद्धत: सूर ओळखून जोडणे

जोड कुठेही न घालता लाटेचे आवर्तन जिथे पूर्ण होते तिथेच घातला तर तो कळत नाही. त्यासाठी मशीन आलेली लाट तिच्याच आधीच्या भागाशी ताडून पाहते आणि तीच लाट पुन्हा कधी येते ते शोधते. इव्हेंटाइडने १९७७ च्या एच९४९ मशीनमध्ये जोड सुधारण्याच्या दिशेने पाऊल टाकले. पुढे अनेक पेडलनी अशाच तत्त्वावर काम केले.

एकेका सुरासाठी ही पद्धत फार चांगली. सोलो, मेलडी, बेसची ओळ यावर चालते. पण तिला दोन मर्यादा आहेत.

पहिली, खर्जातले सूर उशिरा ओळखले जातात. लाट पुन्हा आली हे कळायला निदान दोन आवर्तने पाहावी लागतात. बारीक तारेला ६ मिलिसेकंद पुरतात, जाड तारेला २४ लागतात. जाड तारेवर झपाझप वाजवले की मशीन गोंधळते ते म्हणून.

दुसरी मर्यादा कॉर्डची. तीन-चार सूर एकत्र वाजले की प्रत्येकाचे आवर्तन वेगळे. सगळ्यांना एकदम सोयीचा असा जोड बिंदूच सापडत नाही. एका सुराला बरोबर बसेल तिथे दुसरा तुटतो. जुन्या व्हॅमीवर कॉर्ड वाजवली की जो कुरकुरीत, फाटका आवाज येतो तो यातूनच. काही वादकांना तोच आवडतो आणि नव्या व्हॅमीमध्ये 'क्लासिक' नावाचा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे. शेजारी 'कॉर्ड्स' हा वेगळा पर्याय असतो.

तिसरी पद्धत: आवाज उकलून पुन्हा बांधणे

कॉर्डसाठी आवाजाची फोड करावी लागते. आलेल्या आवाजाचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यात कोणकोणत्या कंपनसंख्या आहेत ते गणिताने काढायचे, प्रत्येकीला हव्या प्रमाणात सरकवायचे आणि पुन्हा एकत्र करायचे. याचा पाया १९६६ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी मांडलेल्या फेज व्होकोडरमध्ये आहे. तो मूळ बोलण्याच्या आवाजासाठी होता.

इथे अडचण निसर्गनियमाची आहे. जवळचे दोन सूर वेगळे ओळखायला जास्त वेळ ऐकावे लागते. सेकंदाला ४८,००० नोंदींच्या वेगाने २,०४८ नोंदींचा तुकडा घेतला तर तो सुमारे ४३ मिलिसेकंदांचा होतो आणि त्यात साधारण २३ कंपनांपेक्षा जवळचे सूर वेगळे दिसत नाहीत. गिटारच्या जाड तारेवर ई आणि त्यापुढचा एफ यांच्यात अंतर आहे ४.९ कंपनांचे. ते स्वच्छ वेगळे करायला सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे २०० मिलिसेकंद ऐकावे लागेल. तेवढा उशीर स्टेजवर कोण सहन करणार?

म्हणून आजच्या पद्धती तडजोड करतात. वरच्या सुरांना छोटा तुकडा, खालच्या सुरांना मोठा तुकडा, पिकचा ठोका वेगळा काढून तसाच पुढे पाठवायचा, अशा युक्त्या वापरतात. त्यासाठी प्रोसेसरची बरीच ताकद लागते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे पॉग पेडल २००५ मध्ये आले, त्याने कॉर्डचे सप्तक नीट देऊन दाखवले. डिजिटेकच्या ड्रॉप पेडलने एक ते सात सेमिटोन आणि पूर्ण सप्तक उतरवण्याची सोय छोट्या डबीत आणली. लाइन ६ च्या हेलिक्समध्ये कॉर्डचे पिच इफेक्ट २०२० च्या ३.० या अपडेटने आले, म्हणजे मशीन बाजारात आल्यानंतर पाच वर्षांनी. त्यातल्या 'पॉली कॅपो' मध्ये 'ट्रॅकिंग' ही सेटिंग आहे. ती 'फास्ट' कडे नेली की आवाज लवकर येतो, 'स्टेबल' कडे नेली की स्वच्छ येतो. आपण सुरुवातीला म्हटले तो जमाखर्च कंपनीने इथे सरळ वादकाच्या हातात दिला आहे.

उशीर किती चालतो?

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा अँपपासून साडेतीन मीटर दूर उभे राहण्याइतका आणि २० मिलिसेकंदांचा सात मीटर दूर असल्याइतका. तीन मीटरवर अँप ठेवून वाजवायची सवय सगळ्यांनाच असते. त्यापुढे मात्र हात आणि कान यांत फट पडते.

कोणते वादन आहे यावरही अवलंबून असते. हळू अर्पेजो वाजवताना २५ मिलिसेकंद कळणारही नाहीत. पण १२० च्या लयीत सोळाव्या भागाचे ठोके वाजवत असाल तर दोन ठोक्यांत अंतरच १२५ मिलिसेकंदांचे असते. त्यात २० ने मागे पडलात की ड्रमवाला मान वळवून बघतो.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. उशिरांची बेरीज होते. वायरलेसचे काही मिलिसेकंद, प्रोसेसरचे आत-बाहेर करण्याचे एक-दोन, पिच शिफ्टचे त्यावर, डिजिटल मिक्सरचे आणखी थोडे. घरी केबल लावून ठीक वाटलेले सेटिंग स्टेजवर रेंगाळते ते यामुळे. पिच शिफ्ट वापरायच्या गाण्याला वायरलेस काढून साधी केबल लावली तरी फरक पडतो.

कोणत्या कामाला काय चालते?

पट्टी अर्धा-एक सूर उतरवणे: कॉर्डची पद्धत असलेले मशीन हवे. एक-दोन सेमिटोनपर्यंत चांगल्या मशीनवर श्रोत्यांना फरक कळत नाही. तीन-चारला पिकचा ठोका मऊ होतो आणि तारेचा टणकपणा जातो. पाचच्या पुढे ते एक वेगळे वाद्य समजूनच वापरावे.

सप्तक उतरवून बेस काढणे: एकेक सूर वाजवायचा असल्याने साध्या पद्धतीवरही भागते. जाड तारेच्या पहिल्या फ्रेटांपेक्षा वरच्या जागी तोच सूर घेतला तर तो जास्त स्वच्छ ओळखला जातो.

आवाज जाड करणे: याला डिट्यून म्हणतात. मूळ आवाजात ८-१० सेंट सरकवलेली प्रत मिसळायची. अंतर इतके कमी असते की स्वस्त मशीनही हे नीट करते.

बारा तारांचा भास: खऱ्या बारा तारी गिटारवर खालच्या चार जोड्यांत एक तार सप्तक वर असते, वरच्या दोन जोड्या एकाच सुरात असतात. मशीनने सरसकट सगळेच सप्तक वर नेऊन मिसळले तर बारीक तारांचा आवाज किनरा होतो.

हार्मनी: इथे मशीनला पट्टी आणि स्केल सांगावे लागते. पांढरी १ च्या मेजर स्केलमध्ये सा ची तिसऱ्या सुराची जोड ग असते, म्हणजे ४ सेमिटोन वर. रे ची जोड म असते, ती ३ सेमिटोनच वर. हे मशीन स्केलवरून ठरवते. कोमल आणि शुद्ध दोन्ही गंधार घेणारी चाल असेल, किंवा गाणे मध्येच पट्टी बदलत असेल, तर मशीन चुकीची जोड लावते. लांब मींड घेतली तर हार्मनीचा सूर पायऱ्या उतरल्यासारखा उड्या मारत जातो. अशा ठिकाणी बटण बंद ठेवलेले बरे.

जोडणीतल्या नेहमीच्या चुका

मशीन चांगले असून आवाज बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा यांपैकी एक कारण निघते.

१. डिस्टॉर्शननंतर पिच शिफ्ट लावणे. डिस्टॉर्शनमध्ये सुरांची सरमिसळ होते आणि मशीनला काही ओळखता येत नाही. पट्टी बदलण्याचा ब्लॉक गिटारच्या जवळ, डिस्टॉर्शनच्या आधी ठेवा. रिव्हर्ब आणि डिले तर नक्कीच त्यानंतर.

२. मिक्स १०० टक्के नसणे. पट्टी उतरवताना मूळ आवाज थोडाही मिसळला तर तो बेसूर वाटतो. बारीक तारेचा ई ३२९.६३ आणि उतरवलेला सूर ३११.१३, दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला अठरा-एकोणीस खरखरीत ठोके ऐकू येतात.

३. ट्यूनर मागे असणे. ट्यूनर पिच शिफ्टनंतर आला तर तो सरकलेला सूर दाखवतो आणि वादक चांगली लागलेली तार पिरगळतो. ट्यूनर नेहमी आधी. मशीनच्या आतला असेल तर पिच शिफ्ट बंद करून तारा लावा.

४. जुन्या तारा आणि इंटोनेशन. मशीन बेसूर तार सुरात आणत नाही. ती जेवढी बेसूर, तेवढीच बेसूर खाली नेते.

५. नको त्या तारा वाजू देणे. मोकळी तार हलकेच गुणगुणत राहिली तरी मशीनसाठी तो एक जास्तीचा सूर असतो. उजव्या हाताच्या तळव्याने तारा दाबून ठेवायची सवय इथे पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

६. घरी कमी आवाजात सराव. खोलीत तारांचा खरा सूरही ऐकू येतो आणि स्पीकरचा उतरलेलाही. दोन्ही भांडतात आणि मशीन खराब आहे असे वाटते. हेडफोन लावून सराव करा.

दुकानात तपासताना

दुकानदार बहुतेक वेळा भरपूर डिस्टॉर्शन आणि रिव्हर्ब लावलेला पॅच ऐकवतो. त्यात सगळे दोष झाकले जातात. आपली गिटार घेऊन जा, बंद कानाचा हेडफोन न्या आणि या क्रमाने तपासा.

- सगळे इफेक्ट बंद. फक्त पिच शिफ्ट, दोन सेमिटोन खाली, मिक्स १०० टक्के.
- ई मेजरची मोकळी कॉर्ड एकदा छेडा आणि विरेपर्यंत ऐका. विरताना थरथर किंवा पाण्यातून आल्यासारखा आवाज येतो का?
- तीच कॉर्ड एकेक तार सोडत अर्पेजोने वाजवा. मधला एखादा सूर गिळला जातो का?
- जाड तार तळव्याने दाबून भरभर ठोके मारा. प्रत्येक ठोका वेगळा येतो का?
- एक तार ओढून बेंड घ्या. सूर सलग चढतो की पायरीने?
- मूळ आवाज निम्मा मिसळून सप्तक वर लावा आणि एकच झटका मारा. दोन ठोके वेगळे ऐकू आले तर उशीर जास्त आहे.
- मग ब्लॉक बंद करून तेच वाजवा. पिकचा ठोका किती हरवला होता ते आत्ता कळते.

उशीर आकड्यात मोजायचा असेल तर घरी संगणकावर सोपे आहे. गिटारचा आवाज दोन वाटांनी न्या, एक सरळ आणि एक मशीनमधून, आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर दोन वेगळ्या ट्रॅकवर एकदम रेकॉर्ड करा. दोन्ही लाटांच्या सुरुवातीतले अंतर मोजा. ४८,००० च्या वेगाला ४८० नोंदींचे अंतर म्हणजे १० मिलिसेकंद. जाड आणि बारीक, दोन्ही तारांवर मोजा. आकडे वेगळे येऊ शकतात.

मशीनशिवायचे मार्ग

पैसे घालण्याआधी हेही पाहा. कॅपो सूर फक्त वर नेतो, उतरवत नाही, हे खरे. पण कॉर्डचे आकार बदलले तर कॅपोनेही खालची पट्टी मिळते. गाणे सी मध्ये आहे आणि गायिकेला बी, म्हणजे पांढरी ७ हवी असेल, तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ए चे आकार वाजवा, किंवा चौथ्यावर लावून जी चे. साथीच्या कॉर्डसाठी एवढे पुरते आणि उशीर शून्य.

अडते ते मोकळ्या जाड तारेवर बांधलेल्या पीसला. तिथे आकार बदलून जमत नाही. कार्यक्रमात अर्धा सूर खालची गाणी बरीच असतील तर त्या सुरात लावलेली दुसरी साधी गिटार शेजारी ठेवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय. फ्लॉइड रोझ पद्धतीचा लॉक होणारा ब्रिज असेल तर स्टेजवर तारा उतरवणे जवळपास अशक्यच, तिथे ड्रॉपसारखे पेडल खरोखर कामाचे.

वेगळा मार्गही आहे. लाइन ६ ची व्हेरिॲक्स गिटार किंवा रोलँडचे जीके पिकअप यांत प्रत्येक तारेचा आवाज वेगळा घेतला जातो. सहा तारांचे सहा एकेरी सूर मिळाले की कॉर्ड उकलण्याची कटकटच राहत नाही आणि दुसऱ्या पद्धतीतले स्वच्छ काम प्रत्येक तारेवर करता येते. मात्र त्यासाठी गिटार किंवा पिकअपच बदलावा लागतो.

शेवटी हिशोब

फक्त सोलो आणि डिट्यून हवे असेल तर हाताशी असलेले साधे मशीन पुरेल, नवीन घेऊ नका. महिन्यातून एखाद्या गाण्याची पट्टी बदलत असेल तर कॅपो आणि थोडा अभ्यास यावर भागते. दर कार्यक्रमात तीन-चार गायक आणि प्रत्येकाची पट्टी निराळी असेल, तरच कॉर्डचा पिच शिफ्ट असलेल्या मशीनवर खर्च करा. तोही हेडफोन लावून, सगळे इफेक्ट बंद करून ऐकल्यावर. आणि ते मशीन घेतले तरी प्रत्येक पट्टीचा वेगळा पॅच आधी करून त्यावर 'अर्धा खाली', 'एक खाली' अशी चिठ्ठी चिकटवा. गायिकेचा घसा कधी बसेल ते आधी कळत नाही, आणि पडदा उघडायला वीस मिनिटे असताना मेनू शोधायला कुणालाच वेळ नसतो.